तक्रारीचा तास

मी नोकरीला लागले त्या दिवशी आमच्या केंद्रातले भिंतीवरचे घड्याळ वीस मिनिटे मागे होते. मी ते पाहिले, मनातल्या मनात वीस मिनिटे मिळवली आणि गप्प बसले. पुढचे अकरा महिने मी रोज हीच बेरीज करत राहिले. अकराव्या महिन्याच्या अखेरीस केंद्र चालवणाऱ्या सरांनी मला टेबलाशी बोलावले. त्यांच्याकडे तीन चष्मे असत आणि त्यांतला हवा तो कधीही हाताशी नसे. एक चढवला, तो नको म्हणून दुसरा चढवला आणि विचारले,

“मॅडम, तुम्हाला घड्याळ कळतं ना?”

“कळतं, सर.”

“मग ते भिंतीवरचं?”

“ते... थोडं मागे आहे.”

“कधीपासून?”

“मी आले तेव्हापासून.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर आपटला. “अकरा महिने! त्या कोपऱ्यातल्या गुरुजींनाही हे सांगायला एवढे दिवस लागले नव्हते. आणि ते इथं आले तेव्हा स्वतःचं नाव सांगत नव्हते. तुम्ही पेशंट म्हणून आला असतात, तर मी तुम्हाला जन्मात सोडलं नसतं.”

घड्याळ त्यांनी मुद्दाम मागे ठेवलेले होते, हे मला त्या दिवशी कळले. संतापाने माझे कान तापले. पण तोही मी गिळला, आणि त्यांनी तेही पाहिले.

शहरातल्या छावणी भागाच्या अलीकडे एका भाड्याच्या बंगल्यात आमचे केंद्र होते. गंभीर मानसिक आजारातून नुकतीच उठलेली माणसे तिथे सकाळी दहाला येत, स्वयंपाक करीत, बागेला पाणी घालत, कागदी पिशव्या चिकटवत आणि पाचला आपापल्या घरी झोपायला जात. रुग्णालयाचा पलंग सुटला आहे, पण घरातला दिवस अजून पेलत नाही, अशा मधल्या काळासाठी ती जागा होती. आठवड्यातून दोनदा डॉक्टरबाई येऊन औषधे पाहत. बाकी सगळा दिवस सरांच्या ताब्यात. एका सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार कक्षात त्यांनी उमेदीची वर्षे परिचारक म्हणून काढली होती. मी मानसशास्त्रात एम. ए. केले होते, मग वीस वर्षे घर सांभाळले होते आणि पंचेचाळिसाव्या वर्षी, भीतभीतच, ही पहिली नोकरी धरली होती. माझे पुस्तकी शब्द त्यांना चालत नसत. ‘सामाजिक समायोजन’ असे मी एकदा लिहिले, तर त्याखाली लाल शाईने त्यांनी विचारले होते : ‘म्हणजे भांडते का?’

कारण त्यांचे मोजमाप तेवढे एकच होते. माणूस भांडतो का?

रोज अकराला ‘तक्रारीचा तास’ भरे. प्रत्येकाने एक तक्रार आणायची. ज्याच्याकडे तक्रार नसेल त्याने दुपारची भांडी घासायची. तक्रार कशाचीही चाले. हा माझ्या चपला घालतो. खिचडीत मीठ नव्हते. शेजारचा पिशव्या चिकटवताना गाणे म्हणतो आणि तेही एकच. तक्रार आली की ते समजूत घालत नसत, खरोखर वाद घालत. “मीठ होतं! तुझ्या जिभेला चव नाही!” असे ते एका थरथरणाऱ्या मुलीवर ओरडले तेव्हा मी खुर्चीतून अर्धी उठले होते. ती मुलगीही ओरडली, “नव्हतं! विचारा सगळ्यांना!” आणि त्यांनी जाडजूड वहीत शांतपणे नोंद केली : ‘मिठावरून भांडली. छान.’

अशा वहीवरून मला अहवाल करायचा होता.

आमच्या संस्थेला हवे होते ते रास्त होते. केंद्रातून गेलेल्या माणसांचे पुढे काही वर्षांनी काय झाले? संस्थेने नमुना दिला होता आणि त्यात चार रकाने होते : पूर्ण बरे, सुधारणा, जैसे थे, पुन्हा बिघाड. मी त्यांच्या वहीतून माहिती काढायला बसले. ‘भावजयीशी बोलत नाही, कारण योग्य आहे.’ ‘बसमध्ये खिडकीसाठी हुज्जत, जिंकला.’ ‘लग्नात जेवण बरं नव्हतं म्हणून सांगून आली.’ हे कोणत्या रकान्यात घालायचे? मी विचारले, तर म्हणाले, “नवा रकाना पाडा.” पाडता येत नाही म्हटले, तर म्हणाले, “मग संस्थेशी भांडा.” ते काही माझ्याने होण्यासारखे नव्हते.

मी आपली फोन करत सुटले. फोनचीही मला भीती वाटते. पलीकडून कोणी उचलू नये अशी प्रार्थना करत मी क्रमांक लावीत असे. गंगापूर तालुक्यातल्या एका गावी मी असाच फोन लावला. तिथली सुनंदा माझ्या आधी केंद्रात होती. फोन तिच्या भावाने घेतला.

“सुनंदाताई कशा आहेत?”

“लई शांत हाय मॅडम. काय तरास नाय. सांगितलं तिथं बसती. आवाज नाय का काय नाय.”

“औषध घेतात?”

“व्हय. एक दिवस खाडा नाय. मी सोता देतो.”

मी आभार मानले आणि ‘पूर्ण बरे’ या रकान्यात खूण केली. इतके सरळ उत्तर मला आठवडाभरात कोणी दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो कागद हातात घेऊन ते माझ्यापुढे उभे राहिले.

“ही सुनंदा कोण, माहितेय? आल्यापासून सातव्या दिवशी खुर्चीवर चढून तिनं घड्याळ बरोबर केलं. मी परत मागं केलं. तिनं परत पुढं केलं. दोन महिने आमचं हे चाललं होतं. ‘सर, तुमचं डोकंच वीस मिनिटं मागं हाय’ असं सगळ्यांदेखत म्हणाली मला. ती बाई आता आवाज नाय का काय नाय? आणि तुम्ही तिला पूर्ण बरी केलीत?”

“सर, भाऊ म्हणाले, त्रास नाही.”

“कुणाला त्रास नाही?”

मी ती खूण खोडायला पेन उचलले.

“उद्या निघायचं,” ते म्हणाले.

त्यांच्याबरोबर प्रवास करणे ही एक वेगळीच शिक्षा होती. ते पाण्याची बाटली आणत नसत आणि माझी विचारल्याशिवाय पीत, तोंड लावून. गंगापूरच्या एसटीत त्यांनी कंडक्टरशी गाडी उशिरा सुटल्यावरून वाद काढला. कंडक्टर कंटाळून म्हणाला, “काका, तुम्हीच चालवा मंग.” तर ते खूश होऊन माझ्याकडे वळले. “बघा. तब्येत उत्तम आहे याची.” गंगापूरहून पुढे काळी-पिवळी जीपमध्ये मी दोन बायका आणि एक खताचे पोते यांच्या मध्ये बसले होते आणि ते पुढच्या सीटवरून मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असे मला विचारत होते, “मॅडम, पोतं टोचतंय ना? मग सांगा की त्यांना!” मी नाही म्हणाले. टोचत होते.

सुनंदाच्या घरासमोर वेचलेल्या कापसाचा ढीग होता. तिच्या भावाने आदराने बसायला दिले, चहा सांगितला. ती ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. हात मांडीवर, बोटे सारखी थरथरत. आम्ही आत आलो तेव्हा तिने मान वर केली नाही.

ते तिच्याजवळ जमिनीवरच बसले. हातातले घड्याळ काढून काटे फिरवले आणि तिच्यापुढे धरले.

“सुनंदा, किती वाजले?”

तिने पाहिले. बराच वेळ पाहिले. मग अगदी सपाट आवाजात म्हणाली, “जेवढे असतील तेवढे.”

त्यांनी काटे परत जागेवर आणले आणि घड्याळ मनगटावर चढवले. मग भावाला म्हणाले, “डॉक्टरांची चिठ्ठी आणता?”

भाऊ आत गेला आणि देव्हाऱ्याशेजारून चिठ्ठी घेऊन आला. तिला लॅमिनेशन केलेले होते.

“फाटू नाय, भिजू नाय म्हणून तालुक्याला जाऊन करून आणलं,” तो अभिमानाने म्हणाला. “दर महिन्याला मेडिकलवाल्याला हीच दाखवतो. दोन वर्षं झाली, एक गोळी चुकली नाय.”

मी चिठ्ठी वाचली. प्लास्टिकच्या आत, स्वच्छ अक्षरांत, सर्वांत खाली लिहिले होते : एक महिन्यानंतर दाखवणे. केंद्र सोडल्यावर आजार पुन्हा बळावला तेव्हा दिलेली ती मात्रा होती. महिन्याभराने पाहून कमी करावी, असा डॉक्टरबाईंचा विचार असणार. भावाने ती जिवापाड जपून दोन वर्षे तशीच चालू ठेवली होती.

आता हे त्या भावाला झोडपून काढतील, या कल्पनेने मी अंग चोरून बसले. पण ते हलक्या आवाजात म्हणाले, “दादा, तुम्ही गोळी चुकवली नाहीत हे फार चांगलं केलंत. आताही बंद करायची नाही. फक्त उद्या हिला घेऊन डॉक्टरबाईंकडे यायचं. त्या सांगतील तेवढीच द्यायची.”

“पर ती तर शांत हाय की, सर,” भाऊ गोंधळून म्हणाला.

“व्हय,” ते म्हणाले. “तेच.”

त्याच्या वाट्याची बोलणी मी परतीच्या वाटेवर खाल्ली. फोनवर विचारता! खूण करता! शिकलेल्या माणसाला ‘शांत’ आणि ‘बरा’ यांतला फरक कळू नये! गंगापूर ते शहर हे असे चालले होते आणि मध्येच त्यांनी माझी बाटली उचलली.

“ती माझी बाटली आहे,” मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की पुढच्या बाकावरची माणसे वळली. “तोंड लावू नका. सकाळपासून लावताय.”

त्यांनी बाटली खाली घेतली, माझ्याकडे पाहिले, समाधानाने मान हलवली आणि उरलेले पाणी पिऊन टाकले.

आठवड्याभराने वही चाळताना मला सुनंदाच्या पानावर आदल्या वर्षीची ओळ सापडली. एरवी ते दरवर्षी प्रत्येकाच्या घरी जात. त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. अक्षर त्यांचेच, जरा वाकडे : ‘फोन केला. शांत आहे म्हणतात.’ पुढे काही नाही. मी ती ओळ त्यांना दाखवली नाही. पण अहवाल टाइप करायला घेतला तेव्हा त्यांनीच सुनंदाच्या नावापुढे एक वाक्य घालायला सांगितले : ‘या नोंदीत केंद्राची दोन वर्षे चूक झाली.’ मी म्हटले, दोन वर्षे कशाला लिहायची, माझी खूण तर याच वर्षीची. ते म्हणाले, “तुम्हाला मोजता येतं, मॅडम. फक्त बोलता येत नाही.”

त्या वाक्याचा परिणाम असा झाला, की यापुढे प्रत्येकाची भेट घरी जाऊनच घ्यावी असे संस्थेने ठरवले आणि ते काम माझ्यावर सोपवले. दुकानदाराने चुकीचे माप दिले तरी जी बाई घरी येऊन हळहळते, तिने तालुक्यातालुक्यांतून अनोळखी दारे ठोठावायची!

सुनंदाची मात्रा डॉक्टरबाईंनी महिन्या-महिन्याने, जपून उतरवली. छावणीत तिची मावशी राहत असे. तिथे राहून ती पुन्हा केंद्रात येऊ लागली. तक्रारीच्या तासाला तिची पाळी आली की ती मान हलवी. मग दुपारी मोरीशी जाऊन पंचवीस माणसांची भांडी घाशी. थरथरत्या हातांनी. एक आठवडा, दोन आठवडे, पाच आठवडे. मला पाहवेना.

“सर, हे क्रूर आहे,” मी एकदा त्यांच्या टेबलाशी जाऊन म्हणाले.

“ही तिची तक्रार आहे की तुमची?”

“माझी.”

“मग इथं कशाला सांगता? तासाला सांगा.”

त्या दिवशी अकराला, पंचवीस माणसांसमोर, मी उभी राहिले. मी म्हणाले, की जिला बोलता येत नाही तिला त्याबद्दल शिक्षा देणे अन्याय्य आहे, आणि हा नियम मला मान्य नाही. एवढ्या लोकांपुढे मी आयुष्यात प्रथमच बोलत होते. ते लगेच उसळले. “शिक्षा? भांडी घासणं शिक्षा आहे? तुमच्या घरी कोण घासतं?” मी म्हणाले, मीच घासते. “मग तुम्हाला कुणी शिक्षा दिलीय?” मी म्हणाले, हा मुद्दा नाही. ते म्हणाले, हाच मुद्दा आहे. आमचे आवाज वाढत गेले. आणि मग मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले,

“घासणी झिजलीय.”

सगळे वळले. सुनंदा आपल्या हातांकडे पाहत होती.

“घासायचं काय नाय. पर घासणी पार झिजून गेलीय. पाच आठवडे झाले. कुणाचं ध्यान हाय का?”

“चांगली आहे घासणी!” ते ओरडले.

“तुम्ही घासून बघा मंग!” सुनंदा म्हणाली.

ते उठले, मोरीशी गेले आणि खिचडीचे करपलेले पातेले घासू लागले. सुनंदा कडेला उभी राहून चुका काढत होती. मी मात्र मध्येच तुटलेल्या वाक्यासह उभीच होते. माझ्या मुद्द्याचे उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही.

सुनंदा आता छावणीतल्या एका पोळी-भाजी केंद्रात काम करते. तिला महिन्याला डॉक्टरबाईंना भेटावे लागते, गोळी आजही चालू आहे आणि वर्षातले काही आठवडे तिला जड जातात. पण त्यांच्या मोजमापाने ती ठणठणीत आहे. मालकिणीशी तिचे पोळीच्या जाडीवरून रोज वाजते.

ते निवृत्त होऊन अजिंठ्याला मुलाकडे राहायला गेले, त्याला दोन वर्षे झाली. पत्नी वारल्यावर इथे एकटे राहणे बरे नव्हते. मी अधूनमधून फोन करीत असे. सूनबाई घेई. “बाबा मजेत आहेत. एकदम शांत झालेत हो, ओळखणार नाही तुम्ही. काही म्हणजे काही कटकट नाही.” मी “छान, छान” म्हणून फोन ठेवी. खोटे कशाला सांगू, मला बरे वाटे. वाटे, जे आम्हा कुणाला जमले नाही ते त्या पोरीने करून दाखवले.

मग परवा सुनंदाचा फोन आला.

“मॅडम, सरांना फोन केलता का?”

“केला होता गं. छान आहेत. शांत आहेत म्हणाली सूनबाई.”

मग ती म्हणाली, “मॅडम, तुम्हाला किती बार सांगायचं?”

माझे कान तसेच तापले, जसे त्या घड्याळाच्या दिवशी तापले होते.

“मी बोलले त्यांच्याशी,” ती म्हणाली. “म्या म्हणलं, सर, आमच्या मालकिणीचंच बराबर हाय, पोळी जाडच पायजे. तर म्हणले, बरं. बरं म्हणले, मॅडम! रविवारी निघायचं. सकाळी साडेसातला बसस्टँडवर या. अन् पाण्याची बाटली घ्या, माझ्याकडं नाय.”

सरांच्या मुलाचे घर रस्त्याला लागून आहे, पुढे चहा आणि थंड पेयांचे दुकान, मागे दोन खोल्या. मुलगा आणि सूनबाई भली माणसे आहेत. सरांना स्वच्छ कपडे घातलेले होते, उशीला धुतलेला अभ्रा होता, औषधे डबीत वारांप्रमाणे लावलेली होती. ते खिडकीपाशी खुर्चीवर बसले होते. हात मांडीवर. डोळ्यांवर एकच चष्मा होता.

“या, बसा,” ते म्हणाले. पुढे काही नाही.

चहा आला. त्यात साखर नव्हती, घाईत राहून गेली असावी. ते पीत राहिले.

“सर, चहात साखर नाय,” सुनंदा म्हणाली.

“असू दे.”

सुनंदाने माझ्याकडे पाहिले. मग ती उठली, कोपऱ्यातले स्टूल ओढले, त्यावर चढली, भिंतीवरचे घड्याळ काढले, काटे वीस मिनिटे मागे फिरवले आणि पुन्हा टांगले. सूनबाईने तोंड उघडले. मी तिचा हात धरून तिला गप्प केले. दुसऱ्याला गप्प करण्याची वेळ माझ्यावर प्रथमच आली होती.

आम्ही बसून राहिलो. बाहेर पर्यटकांची एक गाडी थांबली आणि गेली. त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिले. मग उंबऱ्यावरच्या उन्हाकडे. मग परत घड्याळाकडे. सुनंदा पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती.

“ते घड्याळ मागं आहे,” ते म्हणाले.

“घड्याळ बराबर हाय,” सुनंदा म्हणाली. “तुमचंच चुकायलंय, सर.”

“माझं?” त्यांनी चष्मा काढला. “ऊन बघ कुठं आलंय! वीस मिनिटं मागं आहे ते. सूनबाई, माझा दुसरा चष्मा कुठाय? दोन वर्षं झाली, मला दुसरा चष्मा कुणी दिला नाही. आणि हा चहा! याला चहा म्हणतात?”

“चहा चांगला हाय,” सुनंदा म्हणाली. “तुमच्या जिभेला चव नाय.”

“आणि मॅडम, तुम्ही!” ते माझ्याकडे वळले. “फोनवर विचारता? आणि ती शांत म्हणाली की छान म्हणता? मला इथं ऐकू येतं सगळं! काय शिकवलं तुम्हाला मी?”

मी म्हणाले, तुम्ही फोन हातात का घेतला नाहीत. ते म्हणाले, तुम्ही मागितला का. सुनंदा म्हणाली, दोघांचंबी चुकलं. सूनबाई दोन्ही हातांनी चष्म्याचा डबा घेऊन दारात उभी होती आणि आत यावे की नाही हे तिला कळत नव्हते. ते भांडण आणखी पाऊण तास चालले.

बसथांब्यावर आलो तेव्हा साडेबाराची गाडी निघून गेली होती आणि पुढची तासाभराने होती. सुनंदा माझ्यावर उखडली.

“मॅडम, तुमच्या हातावर घड्याळ हाय ना? बसची येळ झाली म्हणून बोलायचं नाय व्हय? का अजून तसंच?”

मला वेळ ठाऊक होती, तो सगळा पाऊण तास मी मिनिटामिनिटाने पाहत होते, आणि त्या दोघांच्या मध्ये बोलायची माझी मुळीच इच्छा नव्हती. तिने माझी बाटली घेतली आणि तोंड लावून प्यायली.